सिरियल पोर्टच्या सेटिंग्जना ड्रायव्हरमधून वाट करून देताना

ग्रँट रोड स्टेशनवरून उतरून लॅमिंग्टन रोडला गेले की आरएस-४८५ ची, म्हणजे एका जोडतारेवर अनेक उपकरणे जोडण्याच्या सिरियल पद्धतीची, तयार कार्डे कोणत्याही दुकानात मिळतात. कार्डावरच्या चिपमध्ये दहा-बारा रजिस्टरे, म्हणजे लिहिण्या-वाचण्याच्या छोट्या जागा, असतात आणि त्यांतल्या एकेका बिटावर काही ना काही ठरत असते: वेग, पॅरिटी (चूक ओळखण्याचे जादा बिट), किती बाइट जमल्यावर प्रोसेसरला हाक मारायची, तारेवर सिग्नल किती झपाट्याने चढवायचा. ही बिटे वापरणाऱ्याच्या प्रोग्रामला थेट हात लावण्यासाठी नसतात. तो अधिकार कर्नलमधल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, ड्रायव्हरचा असतो, आणि कोणते बिट बाहेर दिसू द्यायचे, कोणत्या नावाने, कोणाला बदलू द्यायचे, हे ड्रायव्हर लिहिणाऱ्याने ठरवायचे असते. नव्याने ड्रायव्हर लिहू लागलेल्यांसाठी हा लेख आहे. उदाहरण लिनक्सचे आणि सिरियल पोर्टचे घेतले आहे, कारण सेटिंग बाहेर काढण्याच्या जवळजवळ सगळ्या जुन्या-नव्या वाटा या एकाच ठिकाणी पाहायला मिळतात. आज्ञांची, फंक्शनांची व फाइलींची नावे इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

आपण एक काल्पनिक कार्ड डोळ्यांसमोर ठेवू. त्यावर दोन पोर्ट आहेत, आतली सिरियल चिप १६५५० जातीची आहे, आणि तिच्याबरोबर कार्ड बनवणाऱ्याने दर पोर्टला स्वतःचे एक जादा रजिस्टर दिले आहे. त्या रजिस्टरातल्या एका बिटाने तारेच्या टोकाचा, सिग्नल परत फिरू नये म्हणून लावायचा, १२० ओहमचा रोधक आत-बाहेर होतो, तर दुसऱ्याने स्लू रेट, म्हणजे सिग्नलच्या चढ-उताराचा झपाटा, मर्यादित करता येतो.

पहिली पायरी : वही घेऊन डेटाशीट वाचणे

कोडला हात लावण्यापूर्वी प्रत्येक सेटिंगसाठी वहीत एक ओळ लिहावी: ते कोणत्या रजिस्टरात आहे, किती बिटांचे आहे, कोणत्या किमती चालतात, चालू पोर्टवर बदलले तर काय होते, आणि लिहिलेली किंमत परत वाचता येते का. शेवटचा प्रश्न नवशिक्यांच्या मनात येत नाही आणि नेमका तोच पुढे छळतो.

१६५५० चेच पाहा. लाइन कंट्रोल रजिस्टरात खालची दोन बिटे अक्षराची लांबी ठरवतात, तिसरे बिट स्टॉप बिटांचे, चौथे पॅरिटीचे. आठ बिटे, पॅरिटी नाही आणि एक स्टॉप बिट या नेहमीच्या मांडणीसाठी तिथे नुसता ३ हा आकडा लिहावा लागतो, आणि तो परत वाचताही येतो. याच रजिस्टराचे सर्वांत वरचे बिट उचलले की शेजारच्या दोन पत्त्यांचा अर्थ बदलतो आणि तिथे वेगाचा भाजक लिहिता येतो. जुन्या पीसीमध्ये घड्याळ १.८४३२ मेगाहर्ट्झचे असे. त्याला १६ ने भागले की १,१५,२०० मिळतात, म्हणून ९,६०० च्या वेगासाठी भाजक १२ येतो आणि हिशेब काटेकोर सुटतो. घड्याळ २४ मेगाहर्ट्झचे असेल तर १,१५,२०० साठी भाजक १३.०२ येतो. चिपला अपूर्णांक कळत नाही, तेव्हा १३ लिहावे लागतात आणि खरा वेग सुमारे १,१५,३८५ होतो. ही चूक ०.१६ टक्के, म्हणजे चालून जाणारी आहे. ती दोन-तीन टक्क्यांपलीकडे गेली तर मात्र अक्षरे फाटू लागतात.

आता फिफो कंट्रोल रजिस्टर घ्या. १६५५०ए मध्ये येणाऱ्या अक्षरांसाठी १६ बाइटांची रांग, म्हणजेच फिफो, असते आणि ती कितपत भरली की इंटरप्ट (प्रोसेसरला हाक) द्यायचा हे या रजिस्टरातली वरची दोन बिटे ठरवतात. दोन बिटांत चारच किमती बसतात: १, ४, ८ आणि १४. गंमत अशी की हे रजिस्टर फक्त लिहिण्याचे आहे. त्याच पत्त्यावर वाचायला गेलात तर इंटरप्ट ओळखण्याचे दुसरेच रजिस्टर हाती येते, आणि ज्याला हे ठाऊक नाही तो त्या आकड्यालाच आपली सेटिंग समजून बसतो. अशा वेळी ड्रायव्हरने लिहिलेल्या किमतीची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी आणि विचारणाऱ्याला ती दाखवावी. वहीत अशा रजिस्टरापुढे मी लाल पेनाने फुली मारतो.

दुसरी पायरी : सेटिंगला आधीपासून घर आहे का ते पाहणे

सर्वांत जास्त वेळ या पायरीला द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नव्या माणसाचा हात लगेच सिसएफएसमध्ये (कर्नल सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दाखवतो त्या जागी) नवी फाइल तयार करण्याकडे जातो आणि दहापैकी आठ वेळा त्या फाइलीची गरजच नसते.

वेग, अक्षराची लांबी, पॅरिटी, स्टॉप बिटे आणि हँडशेक यांचे घर टर्मिओस, म्हणजे टर्मिनलच्या सेटिंग्जची ठरलेली रचना, हे आहे. एसटीटीवाय ही आज्ञा याच वाटेने बोलते आणि सिरियल पोर्ट वापरणारा जवळपास प्रत्येक प्रोग्राम हीच वाट ओळखतो. ड्रायव्हरने करायचे ते एवढेच की सेट-टर्मिओस या आपल्या फंक्शनात मागणी वाचावी, चिपला जमेल तेवढी पुरी करावी, आणि जे जमले नाही ते त्याच रचनेत दुरुस्त करून परत द्यावे. १,१५,२०० मागितले आणि चिपने १,१५,३८५ दिले, तर कोणी विचारल्यावर दिलेला आकडा सांगता आला पाहिजे. त्यासाठी टीटीवाय-टर्मिओस-एन्कोड-बॉड-रेट हे फंक्शन तयारच आहे. चिपला जमत नसलेली पॅरिटी मागितली गेली, तर ते बिट खाली पाडून परत द्यावे. मागणी गुपचूप गिळून ‘झाले’ म्हणून सांगणारा ड्रायव्हर हा ड्रायव्हर नसण्यापेक्षा वाईट, कारण चूक तिथे असेल असा संशय कोणी घेत नाही आणि माणसे दिवसभर तार तपासत बसतात.

नेहमीच्या यादीत नसलेले वेग, उदाहरणार्थ २,५०,०००, मागण्याची सोयही टर्मिओसच्या नव्या रूपात आहे. पूर्वी हे काम सेटसिरियल या आज्ञेने एका आडवाटेने होत असे: भाजक वेगळा नोंदवून ठेवायचा आणि मग प्रोग्रामने ३८,४०० मागितले की चिपने तो भाजक वापरायचा. म्हणजे एका सेटिंगने दुसऱ्या सेटिंगला खोटे बोलायला लावायचे. कर्नल आता ही आडवाट वापरणाऱ्याला इशारा देतो. नव्या ड्रायव्हरमध्ये तिचे नावही काढू नये.

आरएस-४८५ साठी वेगळे आयऑक्टल, म्हणजे प्रोग्रामने ड्रायव्हरकडे खास मागणी करण्याची हाक, आहे. एकाच जोडतारेवर पाठवणे आणि ऐकणे दोन्ही होत असल्याने पाठवण्यापूर्वी दिशा बदलावी लागते, आणि ती बहुधा आरटीएस या नियंत्रणाच्या रेषेने बदलली जाते. ही रेषा पाठवताना वर असावी की खाली, पाठवण्यापूर्वी व नंतर किती मिलिसेकंद थांबावे, स्वतः पाठवलेले स्वतःला ऐकू यावे का, हे सगळे एका ठरलेल्या रचनेत भरून दिले जाते. थांबण्याचा काळ १०० मिलिसेकंदांपेक्षा जास्त मागितला तर सिरियलचा मध्यवर्ती कोडच तो १०० वर आणतो. ड्रायव्हरने आपल्याला काय काय जमते याची यादी आरएस-४८५-सपोर्टेड या जागी भरली की न जमणारे पर्याय मध्यवर्ती कोड गाळतो आणि प्रत्यक्षात लागू झालेली मांडणी मागणाऱ्याला परत देतो. हे काम हाताने करू नये.

इथे मी स्वतः खाल्लेली ठेच सांगतो. टोकाच्या १२० ओहमच्या रोधकासाठी मी एका ड्रायव्हरमध्ये मोठ्या हौसेने वेगळी फाइल काढली होती, तिला नाव दिले होते, टिपण लिहिले होते. कोड तपासणाऱ्याने एका ओळीत विचारले की आरएस-४८५ च्या रचनेत टर्मिनेट-बस हा झेंडा (हो-नाही सांगणारे बिट) असताना ही फाइल कशासाठी? झेंडा होताच. मी ज्या जुन्या कर्नलवर शिकलो त्यात तो नव्हता आणि मी पुन्हा पाहिले नव्हते. तेव्हापासून नवे सेटिंग हाती आले की आधी ताज्या कर्नलच्या हेडर फाइली उघडतो.

रोधकाचा विषय निघालाच आहे तर लॅमिंग्टन रोडवरच्या स्वस्त मॉड्यूलांबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. त्यांपैकी बऱ्याच मॉड्यूलांवर १२० ओहमचा रोधक डाख देऊन कायमचा बसवलेला असतो. रोधक तारेच्या दोन टोकांना, दोनच हवेत. चार मॉड्यूले एका तारेवर लावली की चार रोधक समांतर होतात आणि तारेवर सिग्नल पाठवणाऱ्या चिपला ३० ओहमचे ओझे ओढावे लागते. सगळ्यांची वीज बंद करून ए आणि बी या तारांमध्ये मल्टिमीटर लावावा. साठच्या आसपास आकडा दिसला तर ठीक, तीस दिसला तर डाख काढायचे यंत्र बाहेर काढावे. सॉफ्टवेअरमधल्या झेंड्याचा अर्थ ही मोजणी झाल्यावरच लागतो.

काही सेटिंग्जचे घर डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय कसे जोडले आहे याचे कर्नलला दिलेले वर्णन, असते. दिशेची रेषा बोर्डावर उलटी जोडली आहे ही गोष्ट वापरणाऱ्याच्या मर्जीची नाही, ती तांब्यात कोरलेली आहे. अशा गोष्टी बोर्डाच्या वर्णनातच लिहाव्यात. मशीन सुरू होतानाच पोर्ट आरएस-४८५ पद्धतीने चालावा यासाठीही डिव्हाइस ट्रीमध्ये ठरलेली नोंद आहे.

आणि आता फिफोची पातळी. तिच्यासाठी लिनक्सच्या ८२५० या, १६५५० जातीच्या चिपा चालवणाऱ्या, ड्रायव्हरमध्ये २०१४ पासून आरएक्स-ट्रिग-बाइट्स नावाची फाइल आहे. ती सिसएफएसमध्ये, पोर्टच्या टीटीवाय डिरेक्टरीत सापडते. १६५५०ए असलेल्या पोर्टवर तिच्यात ७ लिहिले तर पातळी ४ होते, आणि फाइल वाचल्यावर ४ च दिसते. आपले कार्ड ८२५० च्या चौकटीत बसत असेल तर ही सोय फुकट मिळते.

वहीतल्या यादीवर काट मारत आलो की आपल्या कार्डापुरती एकच ओळ उरते, ती स्लू रेटची.

तिसरी पायरी : उरलेल्यासाठी जागा निवडणे

इथे फार घोळ घालण्याचे कारण नाही. मॉड्यूल पॅरामीटर, म्हणजे ड्रायव्हर कर्नलमध्ये घालताना द्यायचे मूल्य, टाळावा, कारण तो सगळ्या मॉड्यूलला (म्हणजे ड्रायव्हरला) लागू होतो, एकेका पोर्टला नाही, आणि आपल्या कार्डाच्या एका पोर्टला तीनशे मीटरची तार तर दुसऱ्याला तीन मीटरची असू शकते. डीबगएफएस ही फाइलींची जागा फक्त स्वतःच्या तपासणीसाठी आहे. तिथली फाइल उद्या नाहीशी झाली तरी कोणाला तक्रार करता येत नाही, म्हणून गिऱ्हाईकाने रोज वापरायची गोष्ट तिथे ठेवू नये. नवे आयऑक्टल काढले तर ते वापरायला वेगळा प्रोग्राम लिहावा लागतो आणि तपासणारेही नाराज होतात. एक साधे, पोर्टगणिक वेगळे आणि क्वचित बदलणारे मूल्य असेल तर सिसएफएसची फाइल योग्य. २.६ या कर्नल मालिकेपासून तिचा नियम ठरलेला आहे: एका फाइलीत एकच मूल्य, तेही वाचता येईल अशा मजकुरात. तीन आकडे स्वल्पविराम देऊन एका फाइलीत कोंबण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण पुढे चौथा आकडा आला की जुने प्रोग्राम मोडतात.

चौथी पायरी : फाइल लिहिणे

नाव ठरवताना त्यात चिपच्या बिटाचे नाव आणू नये. वापरणाऱ्याला काय मिळते ते नावात असावे. मूल्याला एकक असेल, जसे मिलिसेकंद किंवा बाइट, तर तेही नावातच असावे. आपल्या फाइलीचे नाव स्लू-लिमिट ठेवू: एक म्हणजे झपाटा मर्यादित, शून्य म्हणजे मोकळा. लांब तारेवर आणि विशेषतः मध्येच फाटे काढलेल्या तारेवर, सिग्नल फार झपाट्याने चढला की फाट्याच्या टोकावरून तो परत फिरतो आणि मूळ सिग्नलमध्ये मिसळतो. त्यावर हा उपाय आहे, आणि त्याची किंमत म्हणून कमाल वेग घटतो. म्हणून मूल्य एक असताना कार्डाला न झेपणारा वेग मागितला गेला तर काय करायचे हे आत्ताच ठरवावे. मी सेट-टर्मिओसमध्ये वेगच मर्यादेवर आणतो आणि तो टर्मिओसमधून परत सांगतो. उलट क्रमाने, म्हणजे वेग आधीच जास्त असताना कोणी एक लिहायला आले, तर लिहिणे नाकारतो. चालू संभाषणाचा वेग पाठीमागून बदलणे मला पटत नाही.

डिव्हाइस-ॲट्र-आरडब्ल्यू हा मॅक्रो वापरला की त्याला दोन फंक्शने लागतात, दाखवण्याचे शो आणि साठवण्याचे स्टोअर. नावे ठरलेल्या पद्धतीने, फाइलीच्या नावापुढे हे शब्द जोडूनच द्यावी लागतात. परवानगी ०६४४ मिळते: वाचावे सर्वांनी, लिहावे रूटने (मशीनच्या मुख्य वापरकर्त्याने). सर्वांना लिहिण्याची मुभा देण्याचा विचार मनात आला तर तो तिथेच सोडावा, कारण कर्नलचे मॅक्रो असा कोड कंपाइलच होऊ देत नाहीत.

शो लिहिताना सिसएफएस-एमिट वापरावे. ते एका पानाच्या मर्यादेबाहेर लिहू देत नाही. मूल्याच्या शेवटी नवी ओळ द्यावी आणि त्याखेरीज काहीही देऊ नये. ‘स्लू मर्यादित आहे’ असे वाक्य छापले तर स्क्रिप्ट लिहिणारा मनातल्या मनात शिव्या देतो. रजिस्टर वाचता येत असेल तर ते प्रत्यक्ष वाचावे, मात्र पोर्ट वीज वाचवण्यासाठी झोपलेला असू शकतो हे विसरू नये. झोपलेल्या चिपचे रजिस्टर वाचले तर कधी सगळी बिटे एक दिसतात आणि काही बोर्डांवर तर मशीनच अडकते. आधी रनटाइम पॉवर मॅनेजमेंटच्या फंक्शनाने जागे करावे, वाचावे, मग सोडून द्यावे.

स्टोअरमध्ये आलेला मजकूर स्वतः अक्षर-अक्षर तपासत बसू नये. हो-नाहीसाठी के-स्टर-टू-बूल आणि आकड्यांसाठी के-स्टर-टू-यूइंट ही फंक्शने आहेत. एको आज्ञेने लिहिले की मूल्याच्या मागे नव्या ओळीचे अक्षर येते, ते ही फंक्शने सांभाळून घेतात. मूल्य चुकीचे असेल तर उणे ईइनव्हॅल परत करावे. सगळे नीट झाले तर आलेल्या बाइटांची संख्या जशीच्या तशी परत करावी. इथे चुकून शून्य परत केले तर वरचा प्रोग्राम ‘काहीच लिहिले गेले नाही’ असे समजून तेच पुन्हा पुन्हा लिहीत राहू शकतो, आणि टर्मिनल अडकल्यासारखे दिसते. प्रत्येक नवा माणूस ही चूक एकदा तरी करतोच.

मग कुलूप. आपल्या जादा रजिस्टरात दोन स्वतंत्र बिटे आहेत: रोधकाचे आणि स्लूचे. एक बिट बदलायला आधी सगळे रजिस्टर वाचावे लागते, मग बिट बदलून परत लिहावे लागते. त्या मधल्या क्षणात दुसऱ्या प्रोसेसरवर आरएस-४८५ च्या आयऑक्टलने रोधकाचे बिट बदलले, तर आपण जुनी प्रत लिहून ते पुसून टाकू. म्हणून वाचणे, बदलणे आणि लिहिणे हे तिन्ही पोर्टच्या एकाच स्पिनलॉकमध्ये, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपात, करावे, आणि आयऑक्टलच्या वाटेनेही तोच लॉक घ्यावा. स्पिनलॉक धरलेला असताना झोपू शकेल असे काही बोलावू नये. पोर्ट जागा करण्याचे काम त्यामुळे लॉकच्या आधी येते.

शेवटी, मशीन झोपून उठल्यावर चिपची रजिस्टरे कोरी होतात. टर्मिओसची सेटिंग्ज मध्यवर्ती कोड परत बसवतो, पण आपण काढलेल्या फाइलीची जबाबदारी आपली आहे. मूल्याची प्रत ठेवावी आणि रिझ्यूममध्ये (उठताना चालणाऱ्या फंक्शनात) ते पुन्हा लिहावे.

पाचवी पायरी : फाइल वेळेवर जन्माला घालणे

शिवडीच्या एका गोदामात चार वजनकाटे एका आरएस-४८५ तारेवर जोडले होते. तार लांब, तिला तीस-चाळीस फुटांचे फाटे, वेग १,१५,२००. स्लू मर्यादित केल्यावर सगळे सुरळीत झाले, आणि मशीन सुरू होताना ते मूल्य आपोआप लिहिले जावे म्हणून यूडेव्हचा (नवे डिव्हाइस दिसताच नेमलेले काम करणाऱ्या प्रोग्रामचा) नियम लिहून मी निघालो. दहा-बारा दिवसांनी गोदामातून फोन आला की काही सकाळी वजने बरोबर येतात, काही सकाळी आकड्यांत भलतीच अक्षरे. दुपारी कधीच नाही, सकाळीच. आणि एकदा बिघडले की दिवसभर बिघडलेलेच राहते.

रात्री गोदाम बंद करताना राखणदार मेन स्विच पाडत असे, म्हणून मशीन रोज सकाळी नव्याने सुरू होई. माझ्या ड्रायव्हरमध्ये मी आधी पोर्टची नोंदणी करत होतो आणि त्यानंतर वेगळ्या ओळीने फाइल तयार करत होतो. पोर्टची नोंदणी झाली की कर्नल तशी बातमी सोडतो, ती ऐकून यूडेव्ह नियम चालवतो, आणि नियम फाइलीत १ लिहायला जातो. फाइल तयार व्हायच्या आधी यूडेव्ह पोहोचला तर लिहायला काही नसेच. मग नियम मुकाट पुढे जाई आणि स्लू दिवसभर मोकळाच राही. माझ्या टेबलावरच्या मशीनवर कर्नल दर वेळी ही शर्यत जिंकत होता, म्हणून मला चूक कधी दिसली नाही.

दुरुस्ती दोन ओळींची निघाली. सिरियल पोर्टच्या रचनेत ॲट्र-ग्रुप नावाची जागा असते. यूएआरटी-ॲड-वन-पोर्ट बोलावण्यापूर्वी तिच्यात आपल्या फाइलींचा गट भरून ठेवला की मध्यवर्ती कोड डिव्हाइस आणि फाइली एकत्र तयार करतो आणि बातमी त्यानंतरच बाहेर जाते. इतर प्रकारच्या डिव्हाइसांसाठीही ड्रायव्हरच्या किंवा क्लासच्या रचनेत अशा गटांच्या जागा आहेत. डिव्हाइस-क्रिएट-फाइल हे फंक्शन नोंदणीनंतर बोलावलेले दिसले की मी आता त्या ओळीवर थांबतोच.

सहावी पायरी : परवानग्या आणि नियम

पोर्ट उघडण्याची परवानगी आणि सेटिंगची फाइल लिहिण्याची परवानगी या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. डेबियन आणि उबंटूवर पोर्ट उघडायला डायलआउट या गटात असावे लागते. त्या गटातला माणूस टर्मिओस बदलू शकतो, पण आपली सिसएफएसची फाइल लिहायला रूट लागतो. मला ही विभागणी योग्य वाटते: वेग हा रोजच्या कामाचा भाग आहे, तर स्लू हे तार ओढणाऱ्याने एकदा ठरवायचे असते. ते कायमचे बसवायला यूडेव्हच्या नियमात डिव्हाइसची ओळख लिहावी आणि ॲट्र या शब्दापुढे फाइलीचे नाव देऊन मूल्य नेमावे. इथे दोन बरोबर चिन्हे म्हणजे तुलना आणि एक म्हणजे नेमणूक. चिन्ह एक जास्त पडले तर नियम चूक दाखवत नाही, नुसता लागू होत नाही. डिव्हाइस ओळखताना टीटीवायएस-४ अशा क्रमांकावर विसंबू नये, कारण कार्ड दुसऱ्या खाचेत गेले की क्रमांक हलतो.

सातवी पायरी : तपासणी

साधा आरएस-२३२ पोर्ट असता तर नऊ पिनांच्या कनेक्टरमधल्या दुसऱ्या व तिसऱ्या पिना तारेच्या तुकड्याने जोडून पाठवलेले स्वतःलाच ऐकता आले असते. दोन तारांच्या आरएस-४८५ मध्ये ते जमत नाही, म्हणून कार्डाचे दोन पोर्ट एकमेकांना जोडावेत, ए ला ए आणि बी ला बी. आणि काहीच ऐकू आले नाही तर कोडमध्ये शिरण्याआधी दोन तारा उलट करून पाहाव्यात. ए आणि बी ही नावे सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत.

त्यानंतर फाइलीला छळावे. तिच्यात २ लिहा, उणे १ लिहा, मोकळी ओळ लिहा, एखादा मराठी शब्द लिहा. प्रत्येक वेळी चूक परत आली पाहिजे आणि जुने मूल्य तसेच राहिले पाहिजे. पोर्ट कोणी उघडलेला नसताना लिहा, डेटा वाहत असताना लिहा. दोन टर्मिनलांतून एकाच वेळी, एकीकडून स्लू आणि दुसरीकडून रोधक, हजारदा उलट-सुलट करा आणि शेवटी दोन्ही बिटे अपेक्षेप्रमाणे आहेत का पाहा. मशीन झोपवून उठवा. मॉड्यूल काढून परत घाला. आणि शिवडीचा धडा म्हणून मशीन निदान वीस वेळा बंद-चालू करून दर वेळी फाइल वाचा. जवळ ऑसिलोस्कोप असेल तर १ आणि ० या दोन्ही मूल्यांना सिग्नलची धार खरोखर बदलते का तेही पाहावे. एका कार्डावर डेटाशीटमध्ये छापलेले बिट उलट्या अर्थाचे निघाले होते, आणि ते स्कोपशिवाय कळलेच नसते.

आठवी पायरी : नोंद

कर्नलच्या कागदपत्रांत एबीआय नावाची, कर्नल बाहेर काय दाखवतो याच्या नोंदींची, डिरेक्टरी आहे आणि तिच्यात स्टेबल, टेस्टिंग, ऑब्सोलीट व रिमूव्ह्ड असे भाग आहेत. नवी सिसएफएस फाइल टेस्टिंगमध्ये नोंदवावी: फाइलीचा मार्ग, दिनांक, कर्नलची आवृत्ती, संपर्क आणि वर्णन. वर्णनात कोणत्या किमती चालतात, मूळ किंमत कोणती, कधी लिहिणे नाकारले जाते आणि वेगावर काय परिणाम होतो, एवढे लिहिले की पुरे. ही नोंद एकदा बाहेर गेली की नाव बदलता येत नाही, कारण कोणाच्या तरी नियमात, स्क्रिप्टमध्ये ते बसलेले असते. टेस्टिंग हा शब्द पाहून आपल्याला बदलण्याची मुभा आहे असे समजू नये.

कर्नलची कागदपत्रे गोदामातला माणूस उघडत नाही. त्याच्यासाठी शिवडीच्या त्या पॅनेलच्या दाराला आतून एक कागद चिकटवून ठेवला आहे, पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून वर चिकटपट्टी मारून. त्यावर फाइलीचा मार्ग, ० आणि १ यांचा अर्थ, आणि वीज बंद करून ए व बी मध्ये मीटर लावल्यावर दिसायला हवा तो आकडा लिहिला आहे : ६०.